एका डोळ्यापुरतं स्पष्ट

आमच्या मालकांना स्पष्ट दिसणाऱ्या गोष्टींचा राग होता. फोटो काढणाऱ्या माणसाला असा राग परवडत नाही, हे मी त्यांना पुष्कळदा सांगितलं. ते म्हणायचे, "बाई, स्पष्ट बघायला फोटो कशाला पाहिजे? डोळे दिलेत की देवानं."

मी त्यांच्या स्टुडिओत कामाला होते. रत्नागिरीत बाजाराच्या मागच्या गल्लीत, लाकडी जिना चढून वर गेलं की एक लांबट खोली होती. झाडणं, पुसणं, आणि बायका फोटोला आल्या की त्यांचा पदर नीट लावणं, हे माझं काम. परक्या पुरुषानं पदराला हात लावायचा नाही म्हणून स्टुडिओत एक बाई ठेवावी लागायची. रोलच्या दिवसांत काळोख्या खोलीत फोटो धुवायलाही मीच असायची. त्या औषधाचा आंबट वास हाताला बसायचा. घरी जाऊन मासे साफ केले तरी तो जायचा नाही. पुढे रोल गेले आणि त्या खोलीतल्या परातींत मी पुसायची फडकी ठेवायला लागले. आता स्टुडिओही नाही. खाली मोबाइलची कव्हरं विकतात, वर त्यांचं गोदाम आहे. मला त्याचं काही वाटत नाही. तो जिना फार उभा होता.

डिजिटल कॅमेरा आला तेव्हा गावातले बाकीचे फोटोवाले खूश झाले. रोल नको, धुणं नको, चुकला फोटो तर पुसून टाकता येतो. आमच्या मालकांनी पहिला फोटो पडद्यावर बघितला आणि तोंड फिरवलं.

"हा फोटो नाही, बाई. ही झडती आहे."

"का? चांगला तर दिसतोय."

"नवरीच्या कपाळावरची पुटकुळी दिसतेय. मांडवाच्या बांबूची सुतळी दिसतेय. मागे जेवायला बसलेल्या माणसाच्या मिशीतलं शीत दिसतंय. सगळं सारखंच. कुणाकडे बघायचं ते ह्या यंत्राला कळतच नाही."

तेव्हापासून त्यांना एकच वेड लागलं. डिजिटल कॅमेऱ्यातून रोलसारखा फोटो काढायचा. त्यासाठी म्हणे मोठ्या तोंडाची भिंगं लागतात. भिंगाच्या आत लोखंडी पाकळ्या असतात. त्या मिटत आणल्या की पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं. त्या पुऱ्या उघडल्या की उजेड भरपूर आत शिरतो, पण स्पष्ट राहतो तो एक पातळ पापुद्रा. त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं सगळं लोण्यासारखं विरघळतं. किती पातळ म्हणाल, तर नवरीचा डोळा स्पष्ट असला की तिचा कान गेला. मान जरा कलती असली की दुसरा डोळासुद्धा गेला. मालकांनी रोलच्या कॅमेऱ्याची आपली जुनी भिंगं बाहेर काढली, मधे एक कडं बसवून ती नव्या कॅमेऱ्याला जोडली. असल्या भिंगांत यंत्र आपण होऊन नेम धरत नाही, हाताने फिरवून धरावा लागतो. पाकळ्या मिटवायच्या कड्याला तर त्यांनी चिकटपट्टीच लावून टाकली होती. चुकूनसुद्धा मिटायला नकोत.

फोटो काढून झाला की संगणकावर बसून ते त्यात दाणे घालायचे. रोलच्या फोटोत बारीक रव्यासारखे दाणे असायचे, तसे. काळा रंग जरा उडवायचे, पांढरा जरा पिवळा करायचे. मी म्हणाले, "जन्मभर मी फोटोवरचे डाग काढले. तुम्ही एवढा महाग कॅमेरा आणलात आणि आता त्यात डाग घालत बसलाय."

"डाग नव्हेत ते. ऊब आहे."

मे महिन्यात रत्नागिरीत ऊब घेऊन काय करायची, ते मी विचारलं नाही. मला खाली चहा आणायला जायचं होतं.

कोकणातल्या दमटपणात भिंगांना आतून बुरशी येते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. म्हणून भिंगांसाठी एक लाकडी कपाट होतं आणि त्यात सतत एक छोटा बल्ब पेटता असायचा. माझ्या घरी पावसात पोरांचे कपडे चार-चार दिवस वाळत नसत, आणि इथे भिंगं शेकत बसलेली. पावसानं उघडीप दिली की मालक माझ्या हातात ताट द्यायचे आणि भिंगं उन्हाला दाखवायला गच्चीवर पाठवायचे. शेजारच्या गच्चीवरची बाई सुके बांगडे उन्हाला दाखवायची. मला म्हणायची, "काय गो, ह्यांचं कालवण कसं लागतं?" मी दोन्ही ताटांवरचे कावळे हाकत बसायची. एका भिंगाच्या कोपऱ्यात बुरशीचा एक धागा कायमचा राहिला होता. मुंबईला पाठवून साफ करून आणा म्हटलं तर म्हणाले, "त्या धाग्यामुळेच दिव्याभोवती खळं पडतं. हात लावाल तर खबरदार." ते भिंग त्यांचं सगळ्यात लाडकं.

गिऱ्हाईक ह्या सगळ्यापुढे किती टिकणार? पावस गावाकडचे एक बागायतदार आले होते. आंब्याच्या खोक्यावर छापायला हापूसचा फोटो पाहिजे होता. मालकांनी खिडकीशी गवत पसरून आंबे मांडले, अर्धा दिवस घालवला. फोटोत पुढचा एक आंबा असा आला होता की त्याच्या देठाजवळचा चीक दिसावा. मागचे सगळे विरघळून गेलेले. बागायतदारांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"मागचे आंबे नासलेत काय?"

"नासले कशाला? ती खोली आहे फोटोची."

"गिऱ्हाइकाला खोली नको हो, डझन पाहिजे. एकच आंबा दिसतोय ह्यात. उरलेल्या अकरांचं मी काय सांगू?"

मालक त्यांच्याशी वाद घालत बसले. वादात ते कधी हरत नसत, काम तेवढं जायचं.

पासपोर्टच्या आणि ओळखपत्राच्या फोटोंचं तर बोलायलाच नको. कान पुसट आले म्हणून लोकांचे अर्ज परत यायला लागले, तेव्हा मालकांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. लहान कॅमेरा, वर फ्लॅश, मागे पांढरी चादर. मी माणसाला बसवायची, हलू नका सांगायची आणि बटण दाबायची. त्यात शिकायचं असं काही नव्हतं. स्टुडिओ त्या फोटोंवर चालायचा आणि मालक त्या फोटोंना पंचनामे म्हणायचे. "झाला का पंचनामा?" आतून विचारायचे. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं.

त्यांची बायको शाळेत शिक्षिका होती, म्हणून घर धड चाललं. त्या एकदाच स्टुडिओत आल्या. भिंतीवर लावलेले फोटो एकेक करून बघितले आणि मला म्हणाल्या, "ह्यांना माणसं आवडत नाहीत. माणसांचे डोळे आवडतात." मालक तिथेच उभे होते. "बरोबर," म्हणाले. त्यांना ते कौतुक वाटलं होतं.

आपल्याकडे लग्नाचे फोटो कशासाठी काढतात, हे मालकांनी कधी समजून घेतलं नाही. कोण आलं होतं ते कळावं म्हणून काढतात. मामा आला होता की नाही, आत्याला पुढे उभं केलं होतं की मागे, ह्यावर पुढे वर्षानुवर्षं भांडणं होतात, तेव्हा अल्बम उघडून दाखवायला लागतो. आणि दुसरं काम असं, की माणूस गेला की भिंतीवर लावायचा फोटोही लग्नाच्या ग्रूपमधूनच काढतात. नुसता स्वतःचा फोटो काढायला आपली माणसं जातात कुठे? मग कुणाच्या तरी लग्नात रांगेत उभा असलेला माणूस शोधायचा, आजूबाजूची माणसं पुसायची, मागे निळा रंग भरायचा. आमच्या जिल्ह्यात भिंतीवर हार घालून असलेली निम्मी माणसं खरं तर कुणाच्या तरी लग्नात उभी आहेत.

मालकांच्या ग्रूप फोटोत मधली दोघं-तिघं स्पष्ट असायची. कडेचे पाव्हणे कोण, ते त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक.

पावसच्या वरच्या अंगाला एका वाडीत लग्न होतं, तिथली गोष्ट आता सांगते. मे महिना संपत आला होता. नवरीचे वडील मुंबईत एका गोदामात पहारेकरी होते. सगळा जन्म तिकडेच गेला. गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचे, तेवढंच. बायको गावी राहून भात, गुरं आणि सासू बघत राहिली. मुलगी मात्र दहावीनंतर शिकायला बापाकडे गेली, त्याच्या खोलीत राहिली, त्याला रांधून घालत नर्सिंग शिकली. आता वडिलांना पोटाचा आजार झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर व्हावं म्हणून मुलीनंच लग्न घाईनं धरायला लावलं. हे आम्हाला वाडीत पोचल्यावर पहिल्या चहाबरोबरच कळलं. तिथे कुणी लपवून बोलत नव्हतं.

वडील अंगणात पायरीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. हडकुळे झाले होते, सदरा अंगावर टांगल्यासारखा. पण तोंड चालू होतं.

"अरे, भात खाली लागेल तो! वास येतोय मला इथवर." मग मालकांकडे वळून, "ओ फोटोवाले, माझ्या पोरीला त्या खांबाशी कितीदा उभी करताय? मुहूर्त काय तुमच्यासाठी थांबणार हाय?"

"जरा उजेड सरकू दे," मालक म्हणाले.

"उजेड सरकेल आणि भटजी पण सरकतील!"

मांडवातली माणसं हसली. नवरी वळून म्हणाली, "बाबा, ओरडू नका, खोकला येईल." वळली तशी त्यांनी मान दुसरीकडे केली.

मालकांना त्या मुलीचा चेहरा आवडला होता. मांडवाच्या पांढऱ्या कापडातून गाळलेला उजेड आणि तिच्या मुंडावळ्या. मी थर्माकोलची पाटी धरून उजेड तिच्या गालावर परतवत होते, हात भरून आले होते. मालकांनी लाडकं भिंग लावलं होतं. श्वास धरून ते जरासे पुढे-मागे झुलायचे, नेम बसला की दाबायचे. दुपारी जेवणापूर्वी ते कोपऱ्यात बसून कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटो बघत होते आणि चुकलेले पुसत होते. चुकलेला फोटो ते संध्याकाळपर्यंतसुद्धा ठेवत नसत. मी मागे उभी राहून बघत होते. एका फोटोत नेम मागे सरकला होता. पुढे नवरी नुसती धुरासारखी, मुंडावळ्यांचे पांढरे ठिपके तेवढे. आणि तिच्या मागे खुर्चीत बाप. दाढीचा खुंट न् खुंट दिसत होता. तो मुलीकडे बघत होता. ती कॅमेऱ्याकडे बघत होती, म्हणून बघत होता.

"गेला," मालक म्हणाले आणि पुसला.

"अहो, म्हातारा चांगला आला होता त्यात."

"लग्न काय म्हाताऱ्याचं आहे?"

मी पाटी उचलली आणि जेवायला गेले.

मृग लागला आणि तो माणूस गेला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलगी स्टुडिओत आली. सासर खेडला, तिथून गावी आली होती, आणि गावाहून भिजत थेट आमच्याकडे. अल्बम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता. टेबलावर ठेवला आणि पानं उलटायला लागली.

"काका, ह्यात बाबा कुठे आहेत?"

मालकांनी एका फोटोवर बोट ठेवलं. तिच्या खांद्यामागे सदऱ्याच्या रंगाचा एक डाग होता.

"हे?"

"हो. तुझ्यावर लक्ष राहावं म्हणून मागचं…" आणि मालकांनी ते पाकळ्यांचं, पापुद्र्याचं, रोलच्या दिवसांचं सगळं सांगितलं. मुलीनं मधे एकदाही तोडलं नाही. नर्स होती, माणसांचं बोलणं संपेपर्यंत उभं राहायची सवय असेल.

मग म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही. बाबा त्या दिवशी उठून बसले होते ते माझ्यासाठी. आदल्या दिवशी त्यांना पाणी ठरत नव्हतं. मला त्या दिवशीचे बाबा द्या. बाराव्याला फोटो ठेवायचा आहे."

"दुसरा एखादा फोटो असेल ना घरी?"

"गोदामाचं ओळखपत्र आहे. तो गोदामासाठी काढलाय."

मालक पानं उलटत राहिले. प्रत्येक पानावर ती सुंदर दिसत होती, हे खरं होतं. सदऱ्याच्या रंगाचा डाग कधी डावीकडे, कधी उजवीकडे.

मी झाडू ठेवला. "एक होता," म्हणाले. "मुलगी पुसट आणि बाप स्पष्ट."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "तो चुकला होता."

"चुकला होता म्हणजे बाप दिसत होता."

मुलगी मालकांकडे बघत राहिली. "कुठे आहे तो?"

कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.  मीच सांगितलं की पुसला. मुलीनं अल्बम मिटला, तो पिशवीत घालायला तिला बराच वेळ लागला. प्लास्टिक ओलं होतं, हाताला चिकटत होतं. जाताना जिन्यावरून म्हणाली, "माझ्या लग्नाचे फोटो होते ना हो. मग बाबा काय मागचं होतं?"



दुसऱ्या दिवशी मालकांनी ज्यावर फोटो साठतात ते कार्ड कॅमेऱ्यातून काढलं आणि संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही म्हणे. त्याच्यावर दुसरा पडेपर्यंत तो तिथेच असतो. पण मधल्या दिवसांत त्याच कार्डावर दुसरी लग्नं पडली होती. दुकानदाराने दिवसभर यंत्र लावून ठेवलं आणि फोटो काढून दिला, अर्धा. वर मांडवाचं कापड, खाली कपाळ, डोळे, नाक. नाकाच्या खाली सगळा राखाडी पट्टा. तोंड नव्हतं.

मालक तो अर्धा चेहरा पडद्यावर लावून बसून राहिले. मी झाडून घेतलं, पुसून घेतलं, एका माणसाचा पंचनामा करून त्याला पाठवून दिलं. ते हलले नाहीत.

"मुलीला दाखवा," मी म्हणाले.

"अर्धा बाप दाखवू?"

"निदान आहे तेवढा."

मुलीला फोन गेला. ती आली, खुर्चीवर बसली आणि पडद्याकडे बघितलं. रडली नाही. "असेच बघायचे," म्हणाली. "मी वळले की मान फिरवायचे. मला आरशात दिसायचं." मग विचारलं, "खाली काय करता येईल?"

"तोंड दुसऱ्या फोटोतून घ्यावं लागेल. लग्नाच्या कुठल्याच फोटोत ते धड नाही."

तिने पिशवीतून गोदामाचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. माझ्या फोटोंसारखाच फोटो होता तो, कुणीतरी चादरीसमोर बसवून काढलेला. ओठ घट्ट मिटलेले.

"हे खोटं होईल," मालक म्हणाले. "दोन फोटो, दोन वर्षं, दोन उजेड."

"बाबा एकच आहेत ना?" मुलगी म्हणाली.

ते काम मालकांनी ज्या तऱ्हेने केलं तसं मी त्यांना कुठलंच काम करताना बघितलं नाही. ओळखपत्रावरचं तोंड एवढंसं, ते मोठं करायचं. फ्लॅशचा पांढरेपणा उतरवायचा. मांडवातल्या उजेडाचा पिवळा रंग त्यावर चढवायचा. हनुवटीवर दाढीचे खुंट एकेक रंगवायचे. तरी सांधा दिसायचा, नाकाखाली आडवी चीर पडल्यासारखा. शेवटी त्यांनी सगळ्या चेहऱ्यावर ते रव्यासारखे दाणे घातले, वरून खालपर्यंत एकसारखे. सांधा गेला. मालक मागे टेकून बसले, हाताने तोंड पुसलं. मी म्हणाले, "बरं झालं, एकदा तरी ते दाणे कामाला आले." एरवी चिडले असते. "चहा आणा," म्हणाले.

फोटो मी चौकटीत बसवला. मालकांनी तो स्वतः नेऊन द्यायचं ठरवलं, आणि कधी नाही ते मलाही बरोबर घेतलं. एकट्यानं जायची हिंमत नव्हती, एवढंच. एस.टी.त त्यांनी चौकट मांडीवर उभी धरली होती, कागदात गुंडाळून. वाडीपर्यंत चढ आहे, जांभ्याची पायवाट पावसाने निसरडी झालेली. मी मनात त्यांना शिव्या घालत चढले.

कार्याची तयारी चालली होती. ओटीवर खुर्ची ठेवली होती, तिच्यावर धुतलेली चादर. मालकांनी कागद सोडला आणि फोटो खुर्चीवर ठेवला. मुलगी पुढे आली, खाली बसली आणि चौकटीच्या काचेवर हात ठेवला. आता मात्र रडली. भावकीतली माणसं जमली. "हुबेहूब हो," कुणी म्हणाला. "आत्ता ओरडतील असे वाटतात." दुसरा म्हणाला, "ओरडतायत आणि हसतायत पण." मालकांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. दोन्ही हात मागे बांधून ते उभे राहिले, आपल्या फोटोंपुढे उभे राहायचे तसे.

मुलीची आई आतून आली. कपाळ मोकळं, हाताला पीठ. कुणीतरी वाट करून दिली. ती फोटोसमोर उभी राहिली. पुष्कळ वेळ बघितलं.

"तोंड ह्यांचाच हाय," ती म्हणाली. "डोळे नाय."

"आई, डोळेच तर त्यांचे आहेत," मुलगी म्हणाली. "लग्नातले आहेत. खरे आहेत."

"असतील. असा माझ्याकडं कधी बघलानी नाय." तिच्या बोलण्यात राग नव्हता, कुढणंही नव्हतं. भात शिजलाय की नाही ते सांगावं तसं सांगितलं. मग मालकांना म्हणाली, "दादा, ह्यो पोरीला ऱ्हाऊ दे. ती नेईल सासरी. मला दुसरा द्या."

"दुसरा कुठला, वहिनी?"

"त्या गोदामाच्या कार्डावरचा हाय ना, त्यो. मोठा करून."

"अहो, तो चांगला नाही. त्यात ते रागावलेले दिसतात."

"रागावलेलेच असायचे. आठ दिस यायचे आन् रागावून जायचे. तेवढेच वळखीचे हायत मला."

मुलगी आईकडे बघत होती. आईने तिच्याकडे बघितलं नाही. मालकांनी विचारलं, "कुठे लावणार?" काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं असावं.

"माजघरात. जाता-येता दिसला म्हंजे झाला. मुद्दाम उभी ऱ्हाऊन बघायला मला येळ हाय काय?" आणि ती पीठ मळायला आत गेली.

उतरताना मालक माझ्या पुढे होते.  एस.टी. यायला वेळ होता. थांब्याच्या पत्र्याखाली उभे राहून ते म्हणाले, "बाई, मी तिला विचारलंच नव्हतं."

"कुणाला?"

"त्या आईला. लग्नात तिचा एकतरी फोटो काढला का मी?"

मी आठवून बघितलं. ती बाई दिवसभर भांड्यांकडे होती. "नाही," म्हणाले. ते खरं होतं आणि दुसरं काही सांगून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळखपत्रावरचा फोटो पडद्यावर घेतला. एवढासा तो, मोठा केल्यावर काही बरा येईना. गाल चौकोनी झाले, कपाळावर फ्लॅशचा पांढरा ठसा. मालकांचा हात दाण्यांकडे गेला. मग रंगाकडे गेला. मी फडकं घेऊन बाजूला उभी होते. हात तिथेच थोडा वेळ राहिला, मग त्यांनी तो मांडीवर ठेवला, आणि फोटो होता तसा छापायला लावला.